बुचड्यातून आणलेला वेल

३ जून, मंगळवार

क्रांती, कशी आहेस बाळा? चौथा महिना सरत आला, ओकाऱ्या थांबल्या का? थांबल्या नसल्या तर आवळकाठी गालात धर, चावू नकोस, नुसती धर. धैर्यशीलची कंबर कशी आहे? त्याला सांग, आई म्हणते, ट्रॅक्टरवरनं उडी मारायला तू काही आता कॉलेजात नाहीस. आकाराम भावजींचा गुडघा काय म्हणतो? तेल गुडघ्याला लावायचं असतं, मिशीला नव्हे, हे माझ्या नावानं त्यांना सांग. आणि आपली म्हैस? मी निघाले तेव्हा तोंड फिरवून उभी होती. रुसली असणार. तिला दोन दिवस माझं जुनं लुगडं नेसून धार काढ, फसेल.

हे पत्र नव्हे, वही आहे. इथं डॉक्टरबाईंनी मला कामाच्या नोंदीसाठी एक रजिस्टर दिलं, ते बघून माझी मी एक वही घेतली. पण समोर माणूस असल्याशिवाय मला बोलता येत नाही आणि बोलल्याशिवाय लिहिता येत नाही. म्हणून तुझ्याशी बोलते. वही भरली की तुलाच देईन. अक्षराला हसू नकोस. मी शाळेची पायरी चढले नाही, खताच्या पोत्यांवरनं आणि एसटीच्या पाट्यांवरनं वाचायला शिकले. त्यामुळं अजूनही ‘चंदगड’ एवढाच शब्द मला देखणा काढता येतो.

जागा झकास आहे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीच्या पलीकडं उघडा माळ आहे, त्यावर हे संशोधन केंद्र. तीन मोठी काचघरं. आत शिरायला दोन दारं, एक लावल्याशिवाय दुसरं उघडत नाही. मधल्या जागेत पाय औषधाच्या पाण्यात बुडवायचे, पांढरा झगा घालायचा. मोबाईल गेटवर ठेवायचा. आतलं पान बाहेर जायचं नाही, बाहेरची चप्पल आत यायची नाही. सोवळंओवळं पाळणाऱ्या सासूबाई बघितल्या असतील, पण ह्यांच्यापुढं त्या काहीच नव्हेत.

मला खोली दिलीय, शेगडी दिलीय. गेटवर सिद्धाप्पा नावाचा वॉचमन आहे, निपाणीकडचा. आल्या आल्या मला म्हणाला, पावणं कुठलं? चंदगडचं म्हटल्यावर म्हणाला, मग अक्का, छत्री घेऊन जन्माला आला असशीला. त्याची बायको शांतादेवी माझ्याशी निम्मं कानडी निम्मं मराठी बोलते आणि निम्म्याहून जास्त मला कळतं. मी सुखात आहे.

११ जून

माझं काम सोपं. तेहतीस वर्षं काजूची कलमं बांधली, हाताला गुण आहे म्हणून तर डॉक्टरबाईंनी रोपवाटिकेतून मला हेरलं. इथं काजू नाही, रताळी आहेत. प्रयोगशाळेत बाटलीत जन्मलेलं बोटाएवढं रोप माझ्याकडं येतं. त्याला माती दाखवायची, वारा दाखवायचा, हळूहळू धीट करायचं. बाटलीतल्या रोपाला वाऱ्याचं भारी भय असतं. नव्या नवरीसारखं जपावं लागतं.

डॉक्टर पूर्णिमाबाई तशा तुझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. जेवायचं विसरतात. मी भाकरी नेऊन पुढ्यात ठेवते, तेव्हा एका हातानं जेवतात, दुसऱ्यानं लिहितात. मी विचारलं, बाई, ह्या रताळ्यात असं काय आहे? त्यांनी मला शहाण्यासारखं समजावून सांगितलं. म्हणाल्या, बेडूक जन्मभर चिखलात बसतो, पण त्याच्या कातडीला बुरशी येत नाही, की ती सडत नाही. कारण त्याच्या कातडीत एक रस असतो, तो कसल्याही रोगजंतूला मारतो. तो रस करायची रीत बेडकाच्या पेशीतून घेऊन ह्या रताळ्याच्या पेशीत बसवलीय. आता हा वेल तो रस स्वतःच करतो, बेडकाहून शंभरपट. मर नाही, कूज नाही, काळा डाग नाही.

मी म्हटलं, म्हणजे रताळ्याला बेडकाचा पावणा केला. बाई खूप हसल्या.

२९ जून

आज मी रडले, क्रांती.

महिन्याभरापूर्वी बाईंनी दोन ओळींत कूज टोचली होती. एका ओळीत साधे वेल, दुसरीत आपले हे. साध्या वेलांचे शेंडे आज काळे पडून गळाले. तोच वास, गेल्या साली आपण साठवणीचा खड्डा उघडला तेव्हा आलेला. आठवतंय ना? अख्ख्या वर्षाची रताळी, हात घातला की हाताला लगदा. भावजी दोन दिवस जेवले नव्हते. आणि शेजारच्याच ओळीत हे नवे वेल, हिरवेगार, जणू काही झालंच नाही.

मी बाईंकडं एक वेल मागितला. वीतभरच. त्यांनी माझा हात धरून नाही म्हटलं. अजून चार-पाच वर्षं लागतील म्हणाल्या, सरकारची परवानगी, उंदरांवरची चाचणी, मातीची चाचणी. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिते: हा रस कुणाला मारतो ते कळलंय मावशी, कुणाला मारत नाही ते अजून बघायचंय.

मला वाटलं, शिकलेल्या माणसाला भ्यायला बरं जमतं.

१५ जुलै

बेंदराला घरी येऊन गेले ते तुला माहीतच आहे. जे तुला माहीत नाही ते इथं लिहिते, कारण कुठं तरी लिहिलं पाहिजे.

मी आणलेला तो वेल बाईंनी बक्षीस दिलेला नाही, तसं तुम्हाला नुसतं सांगितलं. मी चोरून आणला. आपल्याकडं म्हणतात ना, मागून आणलेलं रोप रुसतं आणि चोरून आणलेलं लागतं. माझ्या आईनं मोगरा असाच आणला होता, कर्दळही. मी तीन तुकडे ओल्या फडक्यात गुंडाळले आणि केसांच्या बुचड्यात खोवले, वरनं जाळी लावली. सिद्धाप्पानं गेटवर पिशवी उलटीपालटी केली. मग माझ्या डोक्याकडं बघून म्हणाला, अक्का, ह्या वयात लोकांचं केस गळत्यात, तुमचा बुचडा तर बैलाच्या वशिंडागत वाढाय लागलाय! मी म्हटलं, सुनेच्या हातचं तेल आहे बाबा. माझ्या मानेवरनं पाण्याचा थेंब ओघळत होता आणि मी हसत होते.

न्हाणीच्या पाण्यावर वरंबा केला, तुझ्याच हातनं लावून घेतला. गरोदर बाईच्या हातनं लावलेलं जोमानं वाढतं. चार दिवसांत पान फुटलं म्हणालीस. बघ, मी म्हटलं नव्हतं?

३ ऑगस्ट

दही लागेना. चार दिवस झाले. संध्याकाळी विरजण लावते, सकाळी दूध जसंच्या तसं, गोड. दुधवाल्याला मी चांगलं झाडलं, पावडरीचं दूध घालतोस म्हणून. तो म्हणाला, आजी, डेअरीत याच, म्हशीचं तोंड बघूनच जावा.

आंबोळीचं पीठही आंबलं नाही. दोन दिवस ठेवलं तरी पांढरं शुभ्र, वर एक बुडबुडा नाही. पावसाची हवा असेल.

९ ऑगस्ट

पावसाची हवा नव्हे. शांतादेवीनं तिच्या घरच्या विरजणातलं वाटीभर दिलं. विरजणाला नाही म्हणायची रीत त्यांच्यातही नाही. मी लावलं, लागलं नाही. मग तिनं माझ्याच खोलीत, माझ्याच दुधाला, माझ्याच पातेल्यात स्वतःच्या हातानं लावलं. सकाळी कवडी पडलेलं दही.

तिनं माझे हात हातात घेऊन उलटेसुलटे बघितले. दिवसभर वेलाच्या चिकात असतात, साबणानं कितीही धुतले तरी थोडे चिकटच. नंतर हळूच म्हणाली, अक्का, माझ्या पातेल्याला हात लावू नका हं. राग मानू नका.

मी राग मानला नाही. पण हाताला गुण आहे असं आजवर लोक म्हणत आले, कुणी असं म्हटलं नव्हतं.

२४ ऑगस्ट

इथली भट्टी बंद पडलीय. छाटलेले वेल, उरलेली रताळी जाळायची ती भट्टी. पुण्याहून माणूस येणार, येणार चाललंय. तोवर सगळं मागच्या खड्ड्यात टाकतो, वर चुना मारतो. खड्ड्याला दोन महिने झाले. मी आज वाकून बघितलं. ह्या दिवसांत उकिरड्यातनं वाफ निघायला हवी, हात घातला तर भाजायला हवं. खड्डा गार आहे. खालची पानंसुद्धा परवा तोडल्यासारखी. माशी नाही. किडा नाही.

कडेला एक घूस मरून पडलीय. सिद्धाप्पा म्हणतो, नागपंचमीच्या आदल्या दिवशी त्यानंच काठीनं मारली. म्हणजे चार आठवडे झाले की. डोळे उघडे, ओले. मिशा ताठ. कसलाही वास नाही. मुंग्यांची रांग येते आणि तिला वळसा घालून जाते.

मी स्वतःलाच समजावलं, हेच तर बाईंना हवं होतं. कुजू नये म्हणूनच सगळा खटाटोप.

३ सप्टेंबर

आज किती तरी दिवसांनी फोन लागला. तुझा आवाज ऐकून बरं वाटलं. काही पोटात ठरत नव्हतं, तेव्हा ह्या वेलाच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी तेवढी ठरली म्हणालीस. रोज खातेस म्हणालीस. गौरी बघायला आलेल्या बायका एकेक तुकडा घेऊन गेल्या, अकरा घरांत वेल गेला, म्हशीलाही पाला गोड लागतो. तू किती आनंदानं सांगत होतीस. वेलाला नाही म्हणू नये, हे मीच शिकवलं ना तुला.

मला सांगायचं होतं की जरा थांबा, खाऊ नका. पण मग विचारलं असतंस का म्हणून. मग चोरी सांगावी लागली असती. सुनेला सासूनं. मी म्हटलं, जपून खा. एवढंच म्हटलं.

१७ सप्टेंबर

बारा दिवसांपूर्वी कलमाचा चाकू अंगठ्यावर फिरला होता. पिकला नाही, सुजला नाही. मी खूष होते. पण भरतही नाही गं. खपली धरत नाही. कापलेल्या रताळ्याच्या फोडीसारखी स्वच्छ चीर. दाबली की रक्त येत नाही. पांढरं येतं. चिकट.

बाईंना दाखवला. त्यांनी तो पांढरा थेंब काचेवर घेतला आणि आत गेल्या. संध्याकाळपर्यंत बाहेर आल्या नाहीत. भाकरी तशीच राहिली.

आज खड्ड्याकडं गेले होते. टाकलेल्या वेलांना मुळं फुटलीत. त्यातलं एक घुशीच्या पोटात शिरलंय. चुन्याखाली ती तशीच आहे, ताजी. मी बघत असताना तिचं पोट हललं. वर आलं, खाली गेलं.

वारा होता. माळावर वारा असतोच.

५ ऑक्टोबर

उंदीर बघितले. आतल्या खोलीत पिंजरे आहेत, झाडायला येणारी बाई सोडून गेली म्हणून मला बोलावलं. महिन्याभरापासून त्यांना हीच रताळी देतात. सगळे खात होते. मी होते तेवढा वेळ एकही खायचा थांबला नाही. पोटं भरलेली, फुगलेली, आणि अंगावर नुसती कातडी. लेंडी नाही. पिंजऱ्याला वास नाही. उंदराच्या पिंजऱ्याला वास नाही, क्रांती.

बाईंनी खुर्चीत बसून मला सांगितलं. आपल्या पोटात कोट्यवधी बारके जीव असतात, ते अन्न फोडतात म्हणून ते अंगी लागतं. हा रस त्यांनाही मारतो. आणि मेलेल्यांची जागा रिकामी ठेवत नाही, स्वतः घेतो. त्यांना वाटलं होतं की शिजवला की रस मरेल. स्वतः उकडून खाऊन बघितली होती त्यांनी. जूनपासून.

मी विचारलं, आणि पोटुशी बाई खाईल तर? त्यांनी माझ्याकडं बघितलं. असं का विचारता म्हणाल्या. मी म्हटलं, सहज.

सहज म्हटलं मी. जीभ झडो माझी.

१२ ऑक्टोबर

म्हैस गेली. धैर्यशीलचा फोन होता. आठ दिवस रवंथ बंद होता, पण दावण चाटून पुसून खात होती. पोट नगाऱ्यासारखं, बरगड्या मोजाव्यात. ओढ्याच्या काठाला पुरली म्हणाला. तो रडत होता आणि मध्येच खात होता. फोनवर चावल्याचा आवाज येत होता. काय खातोस म्हटलं तर म्हणाला, रताळं. सारखी भूक लागतीया आई, ह्या सालची मुळी लय गोड हाय.

क्रांतीचं काय, मी विचारलं. खातीया म्हणाला. अंगी लागंना, पण पोट मस्त हाय.

मी त्याला सांगितलं. तिथंच गेटवर उभं राहून. वेल चोरीचा आहे, उपटा, खाऊ नका, कुणाला देऊ नका. तो म्हणाला, तू आम्हास्नी काय खायला घातलंस आई?

२८ ऑक्टोबर

दिवाळीला आले नाही. अंगठ्यामुळं बाईंनी अडवलं. तुम्ही आपला वेल मुळासकट काढलात, जाळलात, हे ऐकून जीव भांड्यात पडला होता. बाकीची अकरा घरं ऐकत नाहीत म्हणाला धैर्यशील, कुजत नाही असं पीक पहिल्यांदा बघितलं, ते का उपटतील?

आज भावजींचा फोन. कधी करत नाहीत. ओढ्याकाठी कुत्र्यांनी म्हैस उकरली. कुत्री लांब उभी राहून भुंकत होती, तोंड लावत नव्हती. म्हैस होती तशी. पुरताना पाठीवर पडलेली झेंडूची पाकळीसुद्धा तशीच. भावजी म्हणाले, वहिनी, तिच्या पोटातनं वेल आलाय. आणि ती—

मी विचारलं नाही. मला घूस आठवली.

१ नोव्हेंबर

बाईंना सगळं सांगितलं. बुचडा, तीन तुकडे, अकरा घरं, तू. मारतील, पोलिसांत देतील वाटलं. त्या खाली जमिनीवरच बसल्या. कितवा महिना, एवढंच विचारलं. नववा म्हटल्यावर माझा हात धरला. त्यांचा हात गार होता, आणि चिकट.

वर कळवलंय. माणसं येतील म्हणाल्या.

९ नोव्हेंबर

माणसं आली. पांढरे पोशाख, तोंडावर काच. मला खोलीबाहेर पडायचं नाही. फोन दिवसातनं एकदा, त्यांच्यासमोर. गावातले वेल काढायचे आहेत, पण त्याला आधी कागद लागतात म्हणे. कागद कुजत असतील तेवढ्या वेळात.

शांतादेवी खिडकीखाली ताट ठेवून जाते. लांबनं म्हणते, उण्णी अक्का, जेवा. मी जेवते. भूक जात नाही.

१५ नोव्हेंबर

बाळ झालं. काल दुपारी, घरातच, १०८ यायच्या आत. आशाताईंनी सोडवलं. मुलगा. अडीच किलो. तू बरी आहेस. अंबाबाई पावली.

मी खोलीत एकटीच नाचले गं. सांगू नकोस कुणाला.

बाळाबरोबर पडलेली वार न्हाणीमागं पुरली म्हणाला धैर्यशील, रीतीप्रमाणं. बरं केलं. तिथला वेल तर तुम्ही केव्हाच काढला होता, माती चाळली होती.

२७ नोव्हेंबर

बारसं झालं, यशराज नाव ठेवलं. छान आहे. बाळ रडत नाही म्हणालीस, अगदी शहाणं आहे. जन्मल्यावरही रडलं नव्हतं. अंगाला वास नाही. लंगोट कोरडा.

नाळ अजून पडली नाही म्हणालीस. तेरा दिवस. पडेल, कुणाकुणाची उशिरा पडते. तुझ्या नवऱ्याची—

नाही, सातव्या दिवशी पडली होती.

४ डिसेंबर

वीस दिवस. नाळ ओलीच. बाईंना खिडकीतून विचारलं. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, खूप वाळल्यात. म्हणाल्या, नाळ सुकते आणि कुजते मावशी, म्हणून सुटते. ते बारके जीवच ती सोडवतात. सुटायला कुजावं लागतं.

मग रडल्या. डोळ्यांतनं आलं ते पुसलं नाही. पांढरं होतं.

१० डिसेंबर

बाईंना गाडीतून नेलं. कोल्हापूरला की पुढं कुठं, कोण सांगत नाही. मला बघून हात वर केला त्यांनी. माझी भाकरी तशीच त्यांच्या टेबलावर आहे, सिद्धाप्पा सांगतो. जूनमधलीसुद्धा एक सापडली खणात. मऊ.

१४ डिसेंबर

धैर्यशीलचा फोन. टॉवरची बॅटरी चोरीला गेलीय म्हणून चंदगडच्या स्टँडवर येऊन केला. त्याला हसू येत होतं आणि तो घाबरलाही होता.

नाळ वाढलीय. बांधलेला दोरा आपोआप गळाला. बोटभर होती ती वीतभर झालीय.

आणि न्हाणीमागं, जिथं वार पुरली तिथं कोंब आलाय. वेलाचा तुकडाही नव्हता तिथं. जाड, तांबूस. भावजींनी उपटायला म्हणून हिसडा दिला. मुळं खोल होती, निघाला नाही.

तेवढ्यात घरात बाळ रडलं. पहिल्यांदा.

भावजींनी हात काढला, बाळ गप्प. पुन्हा धरून ओढला— पुन्हा—

मी म्हटलं, तिसऱ्यांदा ओढला नाहीत ना? गाडी सुटतीया आई, म्हणाला आणि फोन ठेवला.

१५ डिसेंबर

काचवाल्यांना सांगितलं. हात जोडून. सगळे वेल काढा, जाळा, मी स्वतः काडी देते, पण तो एक न्हाणीमागचा कोंब— तेवढा सोडा. डॉक्टरबाईंना विचारा म्हटलं. एकानं माझं नाव लिहून घेतलं. वय विचारलं. आजी, विश्रांती घ्या म्हणाला.

कागद झालेत. परवा गावात जाणार. सतरा तारखेला. मुळापासून उपटणार, राहिलं त्यावर औषध मारणार. एकही कोंब ठेवायचा नाही, असं आहे कागदात.

१६ डिसेंबर, सकाळ

माझा फोन काढून घेतला. सिद्धाप्पानं त्याच्या फोनवरनं अकरा वेळा लावला. लागत नाही. बॅटरी अजून बसवली नसेल.

सिद्धाप्पा एसटीनं जातो म्हणालाय. सुट्टी नाही, तरी जातो. माझं लेकरू असतं तर मी थांबलो असतो व्हय अक्का, म्हणाला. साडेनऊची गाडी. ही वही त्याच्याकडं देते. क्रांती, आधी शेवटचं पान वाच. बाकी नंतर वाच आणि मला काय शिव्या द्यायच्या त्या दे.

त्या कोंबाला कुणाला हात लावू देऊ नकोस. भोवती दगड रच. वर पाटी पालथी घाल. माणसं आली तर न्हाणीत बसून राहा, बाळंतीण आहे म्हण, बाईमाणसाला बाहेर ओढणार नाहीत. भावजींना दारात बसव. बाळाची नाळ कापू नकोस. आशाताईंनी म्हटलं तरी नाही. ओढू नकोस. आंघोळीला घालताना तिला धक्का—

सिद्धाप्पा दारात आहे. घाई कर म्हणतोय. त्याचं तोंड असं का झालंय—

म्हणतो, ती माणसं उद्यापर्यंत थांबली नाहीत अक्का. आज पहाटेच गेली. चार गाड्या. त्यानंच गेट उघडलं. त्याला माहीत नव्हतं कुठं—

आत्ता नऊ वाजलेत. पोचली असतील गावात.

क्रांती. यशराज कसा आहे ते लिही. ह्याच पानाच्या मागं लिही, सिद्धाप्पाजवळ दे, तो थांबेल. मोठं लिहू नकोस. एक ओळ. लवकर लिही बाळा, नुसतं एवढंच लिही की तो रडायचा थांब—